सिस्टरची भीड

सिस्टरना सगळे सिस्टरच म्हणायचे. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही म्हणायची आणि त्यांचा सख्खा भाऊही म्हणायचा. तो तेवढा बरोबर म्हणायचा. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायच्या, सलाइन लावायच्या, जखमा धुऊन बांधायच्या. ठेंगणा, भक्कम बांधा, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचा चपटा डबा आणि लिंबाच्या आंबट गोळ्यांची पुडी. गोळ्या त्यांच्या स्वतःसाठी असत. मूल कितीही रडलं तरी त्यातली एक त्याच्या हातावर पडली, असं माझ्या ऐकिवात नाही.

गोड बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. बाकीच्या नर्सबाई सुई टोचण्याआधी "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं" म्हणतात. सिस्टर म्हणायच्या, "दुखेल. पाचपर्यंत मोज." आणि पाचाला खरंच संपलेलं असायचं. त्यामुळे एखाद्या वेळी त्या "हे नाही दुखणार" म्हणाल्या, तर पोरं हात पुढे करून निवांत खिडकीबाहेर बघत बसायची. मोठ्यांचंही तेच. डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं असो, कागदांची थैली घेऊन माणसं सिस्टरच्या दारात उभी राहायची: सिस्टर, खरं काय ते सांगा. त्या सगळे कागद वाचायच्या आणि खरं सांगायच्या. माझ्या आईच्या वेळी मला म्हणाल्या होत्या, की दोन आठवडे आहेत, बहिणीला आत्ताच बोलावून घ्या, उशिरा बोलावलंत तर ती तुम्हाला माफ करणार नाही. बहीण आली. आई त्यानंतर दहा दिवसांनी गेली. ते ऐकताना मला सिस्टरचा राग आला होता, पण बहिणीने आईच्या उशाशी दहा दिवस काढले, ते त्या एका वाक्यामुळे.

मी चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे. दुकानात एकदा एक तरुण मुलगी आली. मी तिच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं बदलत होतो, पाऊण तास. बुबुळावरचा पारदर्शक पडदाच पांढरा झालेला; जगातला कुठलाही चष्मा तिला उपयोगाचा नव्हता, आणि हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. सांगायचं धाडस होईना म्हणून मी भिंगं बदलत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या काका, तुम्ही दमलात." त्या वर्षी मी चार माणसं गोळा करून नेत्रदान मंडळ काढलं.

मंडळाकडे तशी कशाची वाण नव्हती. बर्फाचा डबा होता, फोन होता, बोलावल्यावर येणारा मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर होता. पत्रक होतं, ते मी स्वतः लिहिलं होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत "माझे डोळे वाया जाऊ देऊ नका" असं वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान होता. नव्हती ती एकच गोष्ट: माणूस गेलेल्या घरात आम्हाला कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. आणि सहा तासांच्या आत जायचं असतं. त्यात मी पडलो चष्मेवाला. लोक तोंडावर म्हणायचे, जिवंतपणी चष्मा विकतो आणि मेल्यावर डोळे मागतो, याचं सगळीकडून चांगलं चाललंय. दीड वर्षात आम्हाला एक नेत्रदान मिळालं. ते माझ्या मावशीचं होतं, आणि तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आपल्याकडे भीड म्हणून एक चीज आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण ते ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या बाजूने झालं. ज्याची भीड पडते, त्याच्या बाजूने बघितलं तर ती मोठी मत्ता आहे. एखाद्याने आयुष्यभर लोकांच्या अडीअडचणीला उभं राहून ती साठवलेली असते आणि तो "एवढं करा" म्हणाला की समोरच्याच्या तोंडातून नकार निघत नाही. सिस्टरकडे ही मत्ता रग्गड होती आणि त्यांनी ती कधीही वापरलेली नव्हती. माझ्याकडे ती औषधालाही नव्हती. मी त्यांच्या घरी खेटे घालायला लागलो.

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आधी मला तासभर प्रश्न विचारले, ज्यांतल्या निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. मग रुग्णालयात जाऊन डॉक्टर नेमकं काय करतात ते स्वतः उभं राहून पाहिलं. बाहेर आल्यावर एक गोळी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, चेहरा बिघडत नाही हे खरं आहे, मी सांगेन.

त्यांचं सांगणं मी तीन वर्षं पाहिलं. घरात शिरल्यावर आधी हात धुवायच्या. पंखा बंद करू का म्हणून विचारायच्या, मेलेल्या माणसाच्या मानेखाली उशी सरकवायच्या, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायच्या. मग सगळ्यात जवळचं जे कुणी असेल त्याच्या शेजारी जमिनीवर बसायच्या. पडदा काढतात, वीस मिनिटं लागतात, क्वचित थोडं रक्त येतं, चेहरा तसाच राहतो. एवढंच. पुण्य, अमरत्व, समाजाचं ऋण, माझ्या पत्रकातलं काही नाही. आणि शेवटी, "नाही म्हणालात तरी मी उद्या भेटायला येणारच आहे." तीन वर्षांत एकतीस घरांनी हो म्हटलं. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडेही त्या दुसऱ्या दिवशी गेल्या.

मंडळाचं नाव झालं. वर्तमानपत्रवाले आले. फोटोत मी मध्यभागी, हातात बर्फाचा डबा घेऊन. सिस्टर कडेच्या खुर्चीत झोपलेल्या. सभेत त्यांना हमखास डुलकी लागायची. बैठकीत मी ठासून सांगायचो, की कामाला पैसा लागत नाही, माणसं लागतात. टाळ्या पडायच्या. हळूहळू माझी भीड चेपली. सिस्टर दुसऱ्या घरी अडकलेल्या असल्या, की मी दारातच सांगायचो, "सिस्टरनी पाठवलंय." कधी पाठवलेलं असायचं, कधी नसायचं. मग "सिस्टर म्हणाल्यात, हे घर नाही म्हणणार नाही." हे तर त्या जन्मात म्हणाल्या नसत्या. बोट दिलं की मनगट धरावं, तसं माझं झालं होतं, आणि मला ते कार्यकुशलता वाटत होतं.

सायकलवाले गेले ते सकाळी सहाला. सायकलदुरुस्तीचं त्यांचं दुकान माझ्या दुकानामागच्या गल्लीत. नवरा-बायको दोघं मिळून चालवायचे, ते चाकं सरळ करायचे, वहिनी पंक्चर काढायच्या. फुप्फुसांच्या आजाराने दोन महिने ते अंथरुणाला खिळले होते आणि सिस्टर रोज सकाळी इंजेक्शन द्यायला जायच्या. मला बातमी कळली नऊ वाजता. सिस्टर आदल्या दिवशीच पुतणीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या शहरात गेल्या होत्या. मी त्यांना सात वेळा फोन लावला. प्रसूतीच्या खोलीबाहेर बसलेली बाई कशाला फोन घेते.

मी एकटाच गेलो. माडीवरची दोन खोल्यांची जागा, जिन्यात सायकलचे जुने टायर टांगलेले. दारातच सायकलवाल्यांचे धाकटे भाऊ भेटले. मला बघून म्हणाले, "आज दुकान बंद ठेवलंत वाटतं?" आत वहिनी खाटेच्या पायाशी बसल्या होत्या. मी माझं सगळं पत्रक बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली, नको. दीर म्हणाले, ऐकलंत ना, निघा. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजत होते. अडीच तास उरलेले. डॉक्टरांना मी निघा म्हणून सांगून ठेवलं होतं. आणि मला ती मुलगी दिसत होती, राहू द्या काका म्हणणारी. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं. खरं म्हणजे दीर सगळ्यांसमोर निघा म्हणाले, ते मला जास्त झोंबलं होतं.

"वहिनी, त्यांची इच्छा होती," मी म्हणालो.

"कुणाला सांगितली त्यांनी?"

"सिस्टरना. त्यांच्याकडून शब्द घेतला होता."

वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "काय म्हणाले?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "म्हणाले, माझे डोळे वाया जाऊ देऊ नका."

"एवढं बोलले?"

मला वाटलं, त्या भारावून विचारतायत. मी हो म्हटलं. खाटेकडे बघून त्या दिराला म्हणाल्या, "सिस्टर खोटं नाही बोलणार. करू दे त्यांना." साडेदहाला डॉक्टर आले. अकराला सगळं आटोपलं. त्या डोळ्यांनी पुढे दोन माणसांना दिसायला लागलं, रुग्णालयातून तशी चिठ्ठी आली. हे दोघं मी नंतर ढालीसारखे वापरले.

चौथ्या दिवशी आभाराचं पत्र घेऊन मी वहिनींकडे गेलो. बसलो असतानाच सिस्टर आल्या, थेट स्टेशनवरून, हातात प्रवासाची पिशवी. मी त्यांना वाटेत गाठून सांगणार होतो. त्यांनी हात धुतले, वहिनींच्या शेजारी बसल्या. वहिनींनी हळूच विचारलं, "सिस्टर, माझे डोळे वाया जाऊ देऊ नका, हे ते कधी बोलले तुमच्याशी? सकाळी इंजेक्शनच्या आधी, की नंतर?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ताप किती आहे ते बघतात तसं. त्यांना सगळं एका क्षणात कळलं असणार, कारण माझ्या हातातल्या पत्राच्या वर तेच वाक्य छापलेलं होतं. त्या म्हणाल्या, "थोडं पाणी द्या." पाणी प्यायल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. दुसरं कुणी गप्प बसलं असतं, तर लोकांनी त्याचा काहीही अर्थ लावला असता. सिस्टर एखादी गोष्ट खोटी असेल तर तोंडावर खोटी म्हणायच्या. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ एकच होत होता. वहिनी मान डोलावून उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

जिन्यात सिस्टरनी मला थांबवलं. "मी आत गप्प बसले, ते तुमच्यासाठी नाही. त्या क्षणी मला सुचलं नाही. असं माझं कधी होत नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याकडे जा आणि सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल. तुमच्या तोंडून आलं पाहिजे."

मी उद्या जातो म्हणालो. ते मनापासून म्हणालो होतो, हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

रविवारी मंडळाचं शिबिर होतं, दोनशे माणसं येणार होती. म्हटलं, त्याआधी बोभाटा नको. शिबिर झाल्यावर वाटलं, वहिनींचं दुःख ताजं आहे, आत्ता कशाला जखमेवर मीठ चोळा. मग एका मोठ्या संस्थेने पुरस्कारासाठी मंडळाची निवड केली, त्यांचे लोक पाहणीला येणार होते. ते येऊन गेल्यावर वाटलं, आता जुनं झालं, उकरून काय काढायचं. दुःख ताजं असताना जायचं नव्हतं आणि जुनं झाल्यावर जायचं नव्हतं. या दोहोंच्या मध्ये जो एक दिवस असेल, तो मला सापडला नाही. घरी बायको विचारायची, मागच्या गल्लीने का येत नाही हल्ली, पुढच्या रस्त्याने लांब पडतं. मी सांगायचो, तेवढाच चालण्याचा व्यायाम.

सिस्टरनी पहिल्या महिन्यात मला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. गेलेल्या माणसाच्या घरी आमच्याबरोबर येणं त्यांनी थांबवलं. मी बोलवायला गेलो तेव्हा म्हणाल्या, तिथे जाऊन मी काय सांगू, मी सांगते ते खरंच असतं असं आता मला म्हणता येत नाही. पुढे कधीतरी त्या वहिनींना जाऊन भेटल्या, एवढं कानावर आलं. आणि त्यानंतर सिस्टरबद्दल लोक दबक्या आवाजात बोलायला लागले. इंजेक्शनसाठी बोलावणं कमी झालं. नाक्यावर नवं नर्सिंग केंद्र निघालं होतं, तिकडे जाणं सोयीचं, असंही लोक म्हणत. कागदांची थैली घेऊन त्यांच्या दारात कुणी उभं राहीनासं झालं.

मी मनाशी हिशोब बांधला तो असा: 'खोटं माझंच होतं' असं वहिनींना सांगून सिस्टरनी सगळा दोष स्वतःवर घेतला असणार. मला वाचवलं. या कल्पनेने मला रडू आलं होतं, एकदा, दुकानाचं शटर ओढताना. डोळे पुसले आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही वहिनींकडे गेलो नाही, कारण आता गेलो तर सिस्टरच्या त्यागाचं काय, असं मला वाटलं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला, की वकिलाला भारी पडतो. वर्षभराने सिस्टर खोली सोडून पुतणीकडे राहायला गेल्या. मी निरोप द्यायला गेलो होतो. त्यांनी चहा दिला, पुतणीचा नंबर कागदावर लिहून दिला, बाकी काही बोलल्या नाहीत.

मंडळ मात्र वाढलं. आता सिस्टरची गरज उरली नव्हती, कारण लोक मलाच ओळखायला लागले होते. ज्या दारात मला दुकान बंद ठेवलंत वाटतं म्हणून विचारत, तिथे खुर्ची पुढे यायला लागली. माझी भीड पडायला लागली. भाषणात मी "आमच्या सिस्टर म्हणायच्या" असं म्हणून वाक्य सुरू करायचो. त्याने भाषणाला खोली येते.

तीन महिन्यांपूर्वी एका घरी गेलो होतो. म्हातारे गृहस्थ गेले होते, सून समजूतदार होती, लगेच तयार झाली. सवयीने मी म्हणालो, आमच्या सिस्टर म्हणायच्या की चेहरा तसाच राहतो. सून म्हणाली, "त्यांचं नाव नका काढू. खोटारडी बाई. आम्ही तुमच्याकडे बघून देतोय." मी विचारलं, खोटारडी म्हणून कुणी सांगितलं. म्हणाली, सायकलवाल्या ताईंनी. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या गल्लीत गेलो. वहिनी एकट्याच होत्या. समोर पाण्याचं घमेलं, त्यात फुगवलेली ट्यूब थोडी थोडी बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होत्या. मला बघून त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं: ते वाक्य माझं होतं, सिस्टरना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी माझा दोष स्वतःवर घेतला.

वहिनींनी ट्यूब पाण्याबाहेर काढली. "कुणी सांगितलं तुम्हाला, त्यांनी दोष घेतला म्हणून?"

मी स्टुलावर बसलो.

"त्या आल्या होत्या माझ्याकडे. दीड महिन्याने. म्हणाल्या, तुमचे यजमान माझ्याशी काही बोलले नव्हते. चष्मेवाल्यांनी रचून सांगितलं आणि मी त्या दिवशी गप्प बसले, ही माझी चूक. मी विचारलं, मग ते चष्मेवाले कुठे आहेत? तर म्हणाल्या, माणूस वाईट नाही, घाबरट आहे. आठ दिवसांत तो स्वतः येऊन तुम्हाला सांगेल. मी शब्द देते."

त्यांनी ट्यूब कापडाने पुसायला घेतली. पुसून झाली तरी पुसत राहिल्या.

"शेवटचे दोन महिने ते माझ्याशी खुणांनी बोलायचे. पाणी, उशी, खिडकी. श्वास पुरत नव्हता त्यांना. मीच सांगायचे, नका बोलू, श्वास जपा. आणि तुम्ही सांगितलंत की सिस्टरशी ते एवढं सगळं बोलले. जपलेला श्वास तिथे खर्च केला. मला जाता जाता एक शब्द नाही, आणि बाहेरच्या बाईला सगळं वाक्य. मग सिस्टर येऊन म्हणतात, तसं काही नव्हतंच. मला किती बरं वाटलं असेल? मी आठ दिवस मोजले. नंतर महिना मोजला. तुम्ही या रस्त्याने यायचंच सोडलंत. तेव्हा मी काय समजायचं? मी समजले, सिस्टर माझी कीव करून खोटं सांगून गेल्या. ते बोललेच होते. मी त्यांना परत घरात घेतलं नाही. जो विचारेल त्याला सांगितलं, ही बाई खोटं बोलते."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"सव्वादोन वर्षं मी माझ्या नवऱ्याशी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "फोटोसमोरून जायचे आणि बोलायचे नाही. आता जा तुम्ही. मला दुकान बंद करायचंय."

सिस्टरना मी दोनदा खोटं ठरवलं होतं. पहिल्यांदा बोलून आणि दुसऱ्यांदा न जाऊन. त्यांनी मला वाचवलं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. आयुष्यभरात जमवलेलं जे काही शिल्लक होतं ते त्यांनी एका पैजेवर लावलं, की हा माणूस आठ दिवसांत जिना चढेल. एका गल्लीचं अंतर होतं.

आठवड्याने मंडळाची वार्षिक सभा होती, शाळेच्या सभागृहात. मी ठरवून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज भरून आला. सांगून झाल्यावर टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष, आमचे निवृत्त मुख्याध्यापक, उठून मला भेटले. म्हणाले, अशी कबुली द्यायला मोठं मन लागतं. दोन बायका डोळे पुसत होत्या. त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी सतरा जणांनी अर्ज भरले, एरवी चार-पाच भरतात. वहिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या सुरू झाल्या तशा त्या उठून गेल्या. सिस्टर आता कुठे असतात, त्यांना कुणी कळवलं का, असं एकानेही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुतणीच्या नंबरावर फोन लावला. सिस्टरच बोलल्या. आवाज तसाच, तोंडात गोळी असल्यासारखा. मी सगळं सांगितलं, वहिनींचं, सभेचं, टाळ्यांचं, सतरा अर्जांचं. अर्जांचं जरा जास्तच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सभेत नेमकं काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "जसं म्हणालात तसं सांगा."

मला पाठ होतं. "म्हणालो, एका कठीण प्रसंगी, केवळ कामाच्या तळमळीपोटी, सिस्टरच्या नावाने एक वाक्य माझ्या तोंडून गेलं. आणि ते दुरुस्त करायचं राहून गेलं."

"गेलं," सिस्टर म्हणाल्या. "राहून गेलं."

पलीकडे लहान मूल रडत होतं, बहुधा पुतणीचं, त्याच बाळंतपणातलं.

"टाळ्या वाजल्या ना, म्हणजे तुम्ही नीट सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी खोटं बोललो. सायकलवाले सिस्टरशी काहीही बोलले नव्हते. दिराने मला सगळ्यांसमोर हाकललं म्हणून मी खोटं बोललो, आणि माझं नाव होत होतं म्हणून मी सव्वादोन वर्षं गेलो नाही. सिस्टर खरं बोलत होत्या.